पंचाईतीच्या प्रसंगी कसे बोलावे, कसे वागावे?

बाभुळगाव (जि. यवतमाळ) : मुंबई-नागपूर लोहमार्गावरील धामणगाव स्थानकावर गाडी थांबते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले एखादे कुटुंब उतरते आणि रस्त्याने बाभुळगावकडे निघते. लग्नाला आले असेल तर बॅगा मोठ्या असतात, बोलणे मोकळे असते. मयतीच्या घरी भेटायला आले असेल तर हातात एखादीच पिशवी असते आणि वाटेत सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : तिथे गेल्यावर बोलायचे काय?

कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या या तालुक्याच्या गावातून बाहेर पडलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांचे गावाशी नाते उरते ते अशाच भेटींपुरते. शहराची आणि गावाची रीत वेगवेगळी असते. शहरात आधी दूरध्वनी करून जाणे, खासगी प्रश्न न विचारणे, थोडे खाऊन ताट दूर सारणे याला सभ्यता म्हणतात. गावात अचानक येणे हा आपलेपणा, विचारपूस करणे ही काळजी आणि पोटभर जेवणे हा यजमानाचा सन्मान मानला जातो. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला असतानाही पंचाईत होते ती इथेच.

अशा वेळी पुस्तकी नियमांपेक्षा एकच कसोटी उपयोगी पडते. आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने समोरच्या माणसावर ओशाळण्याची वेळ येऊ नये. मानपान आणि रीतभात यांत फरक आहे तो हाच. मानपानात माणूस स्वतःचा मान मोजत बसतो. रीतभातीत तो दुसऱ्याचा मान जपतो. ही कसोटी हाताशी ठेवून नेहमी येणारे काही अवघड प्रसंग पाहू.

नमस्कार आणि संबोधन

यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत माणसे एकमेकांना अनेक प्रकारे अभिवादन करतात. कोणी ‘राम राम’ म्हणतो, कोणी ‘जय भीम’. गोंड समाजात ‘जय सेवा’, बंजारा समाजात ‘जय सेवालाल’, महानुभाव पंथीयांत ‘दंडवत प्रणाम’, तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या अनुयायांत ‘जय गुरुदेव’ असे शब्द कानी पडतात. नवख्या माणसाची इथेच पहिली अडचण होते. ज्या शब्दाने अभिवादन झाले त्याच शब्दाने उत्तर देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ म्हणण्याने कोणाचा धर्म किंवा पक्ष बदलत नाही; तुमचे अभिवादन पोहोचले, एवढेच त्यातून कळते. उलट त्या शब्दाला मुद्दाम वेगळ्या शब्दाने उत्तर दिले तर ते समोरच्याच्या नेमके लक्षात राहते. तो शब्द उच्चारणे अगदीच जमत नसेल तर हात जोडून हसून ‘नमस्कार’ म्हणावे, पण ऐकू न आल्यासारखे करू नये.

संबोधनाच्या बाबतीत विदर्भात ‘जी’ या एका अक्षराने पुष्कळ काम होते. ‘या जी’, ‘बसा जी’ यात आदर आहे आणि जवळीकही. वयाने मोठ्या पुरुषाला भाऊ, काका. स्त्रीला ताई, काकू, मावशी म्हणावे. शहरातून आलेल्या तरुणाने शेतात किंवा घरात काम करणाऱ्या वयस्क माणसाला ‘तू’ म्हणणे हा सर्वाधिक घडणारा आणि सर्वांत कमी लक्षात येणारा उद्धटपणा आहे. घरातील वडीलधारी मंडळी त्या माणसाला वर्षानुवर्षे ‘तू’ म्हणत असतील. ती त्यांची ओळख झाली. पाहुण्याने ‘तुम्ही’च म्हणावे.

नाव विसरले तर काय करावे? ‘ओळखले का मला?’ असा प्रश्न गावातील भेटीत हमखास येतो. खोटे ‘हो’ म्हटले की पुढच्या दोन वाक्यांत ते उघडे पडते. ‘चेहरा ओळखीचा आहे, नाव तेवढे सांगा,’ असे सरळ म्हणावे. हा प्रश्न विचारणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. वीस वर्षांनी भेटणाऱ्याची परीक्षा घेण्यापेक्षा आपले नाव आणि नाते आपणच सांगून टाकणे अधिक सभ्यपणाचे.

विचारपूस कुठे थांबावी?

‘गाव कोणते?’ हा प्रश्न ओळखीची सुरुवात म्हणून विचारला जातो आणि त्यात गैर काही नाही. मात्र बाभुळगाव तालुक्यात या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला सोपे नसते. बेंबळा नदीवरील धरणात ज्यांची गावे गेली, त्यांना जुने गाव सांगावे की पुनर्वसनाचे, असा प्रश्न पडतो. अशा वेळी ‘मोबदला किती मिळाला?’ हा पुढचा प्रश्न करू नये. गाव कसे होते, तिथे काय होते, असे विचारल्यास माणूस आपणहून बोलू लागतो.

गावापाठोपाठ आडनाव विचारले जाते. नुसते आडनाव विचारणे आणि आडनावावरून जात चाचपणे यातील फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. ‘म्हणजे तुम्ही कोणत्यातले?’ हा प्रश्न तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. तो आपल्याला विचारला गेला तर चिडण्याची किंवा संकोचून उत्तर देण्याची गरज नाही. ‘बाभुळगावचेच आम्ही,’ एवढे म्हणून विषय बदलावा. विचारणारा बहुधा समजतो.

पत्ता विचारतानाही हीच काळजी घ्यावी. वस्तीचे जुने जातिवाचक नाव घेऊन घर शोधणे आता रीतीलाही धरून नाही आणि सरकारी धोरणालाही. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये गावे व शहरांतील वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, क्रांतिनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. गावातील कोणी सवयीने जुने नाव सांगितले, तरी पाहुण्याने माणसाचे नाव घेऊन घर विचारावे.

पगार किती, मूल कधी, लग्न का नाही, हे तीन प्रश्न शहरातील माणसाला बोचतात. गावातील माणसालाही ते बोचतात, फक्त तो बोलून दाखवीत नाही. शेती करणाऱ्या तरुणांची लग्ने जुळणे अवघड झाले आहे, हे यवतमाळच काय, राज्यातील कोणत्याही गावात दिसते. तिशी ओलांडलेल्या, घरची शेती सांभाळणाऱ्या मुलाला चारचौघांत ‘यंदा बार उडवायचा ना?’ असे विचारणे थट्टा वाटली तरी ती त्याला आणि त्याच्या आईला लागते. यंदा पाऊस कसा, पीक कसे, एवढ्यावर बोलणे सुरू करावे. ‘किती क्विंटल झाला?’ हा प्रश्नही जपून करावा. शेतकऱ्याला पिकाचा आकडा विचारणे म्हणजे नोकरदाराला पगार विचारण्यासारखेच आहे.

चहा, पाणी आणि आग्रह

एका सकाळी पाच घरी भेटी झाल्या म्हणजे पाच कप चहा होतो. साखरेचा आजार असलेल्या पाहुण्याची यात पंचाईत होते. नकार द्यायचा तर कारणासह आणि चहा चुलीवर चढण्याआधी द्यावा. कप समोर आल्यावर नको म्हणणे यजमानाच्या घरातील दूध-साखर वाया घालवणे आहे. चहा नको असेल तर पाणी मागून घ्यावे. काहीच न घेता उठू नये.

त्यामागे एक इतिहास आहे आणि तो विसरून चालणार नाही. पाणी आणि अन्न नाकारणे हे या देशात शतकानुशतके अस्पृश्यतेचे हत्यार होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला तो पाण्यासाठीच. त्यामुळे काही घरांत पाहुण्याने कपाला हात न लावणे ही केवळ प्रकृतीची बाब राहत नाही. खरोखरच उपवास असेल किंवा पथ्य असेल, तर ते स्पष्ट बोलून पाणी प्यावे, थोडा वेळ बसावे. ‘आता नको, पुन्हा कधीतरी’ हे उत्तर अशा घरांनी फार वेळा ऐकलेले असते. यजमानाने पाहुण्यापाहुण्यांत भेद करून वेगळा कप काढणे तर सभ्यतेच्याच नव्हे, कायद्याच्याही विरुद्ध आहे.

जेवणाच्या आग्रहाचे गणित वेगळे असते. पंगतीत पहिल्या नकाराला कोणी नकार मानत नाही, म्हणून पाहुणे मुळात कमी वाढून घेतात आणि दुसऱ्या आग्रहाला होकार देतात. ही जुनी आणि सोयीची युक्ती आहे. ताटावर हात आडवा धरून ‘झाले माझे, तृप्त झालो,’ असे म्हणणे पुरेसे असते. यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह करू नये. ताटात अन्न टाकून उठणे मात्र शहरात आणि गावात सारखेच वाईट दिसते. पाहुण्याने शक्य असेल तर जेवणातील एखाद्या पदार्थाचे नाव घेऊन कौतुक करावे. घरच्या माणसांना ‘धन्यवाद’ म्हटले की ‘परक्यासारखे काय बोलता?’ असे ऐकावे लागते. ‘वांग्याची भाजी फार दिवसांनी अशी खाल्ली,’ हे वाक्य त्याहून अधिक पोचते.

निमंत्रण : देताना, विसरताना, मागे घेताना

लग्नाच्या निमंत्रणात तीन गोष्टींवरून राग येतो. कोणाला पत्रिका दिली, कोणाला फक्त निरोप दिला आणि कोणाला विसरले. विसरलेल्या माणसाला लग्नाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पत्रिका धाडणे म्हणजे विसरल्याची पावती देणे. अशा वेळी दूरध्वनी करावा आणि ‘चूक झाली, तुमचे नाव राहून गेले, पण तुम्ही आल्याशिवाय बरे वाटणार नाही,’ असे मोकळेपणी सांगावे. ज्याला उशिरा निमंत्रण आले त्यानेही ‘आता आठवण झाली का?’ असे टोचून बोलू नये. जायचे असेल तर आनंदाने जावे, नसेल तर शुभेच्छा द्याव्यात.

लग्नात शेला-टोपी कोणाला आणि टॉवेल कोणाला, यावरून होणारे रुसवे टाळण्याचा उपाय म्हणजे सर्वांना सारखे देणे किंवा कोणालाच न देणे. ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असे पत्रिकेत छापले असेल तर ते पाळावे. गुपचूप पाकीट पुढे केल्याने यजमानाची अडचण होते आणि ज्यांनी छापलेला शब्द मानला ते उगाच कंजूष ठरतात. आंतरजातीय विवाहाला जाऊ नका, असा भावकीचा दबाव आला तर काय करावे, हा प्रश्नही अनेकांसमोर येतो. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला आहे. अशा लग्नाला जाऊन अक्षता टाकणे हीच तेथील रीतभात.

दिलेले निमंत्रण मागे घेणे हा सर्वांत कठीण प्रसंग. त्याचे राज्यभर गाजलेले उदाहरण याच जिल्ह्यात घडले. यवतमाळ येथे ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना सन्मानाने बोलावण्यात आले होते. विरोधाचे सूर उमटताच संमेलन अवघ्या काही दिवसांवर असताना हे निमंत्रण मागे घेण्यात आले. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला आणि संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली. मतभेद भाषेचे होते की राजकारणाचे, हा वाद पुष्कळ झाला. सामान्य माणसाच्या लक्षात राहिली ती साधी गोष्ट : पाहुण्याला या म्हटल्यावर येऊ नका म्हणता येत नाही.

घरगुती कार्यातही कधी तशी वेळ येते. घरात दुःख घडते, कार्य लहान करावे लागते. तेव्हा ज्याने बोलावले त्यानेच कळवावे. मुलाकडून किंवा व्यवस्थापकाकडून निरोप धाडू नये. खरे कारण सांगावे. पाहुण्याचा प्रवासखर्च झाला असेल तर तो विचारावा. आणि एखाद्या रिकाम्या झालेल्या जागी दुसऱ्या कोणाला बोलवायचे असेल, तर ती गोष्ट त्या व्यक्तीपासून लपवू नये. यवतमाळच्या संमेलनाचे उद्घाटन अखेर केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. शेतकरी विधवांच्या जगण्यावरील ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी भूमिका केली होती. ऐन वेळी मिळालेली ती जागा त्यांनी ज्या आत्मविश्वासाने सांभाळली, त्याचे कौतुक सर्व बाजूंनी झाले.

नकार आणि उसने पैसे

मुलगी किंवा मुलगा पाहून आल्यावर नकार कळवण्याचे काम कोणालाच नको असते. म्हणून दिवसेंदिवस उत्तर दिले जात नाही आणि समोरचे घर ताटकळत राहते. मध्यस्थामार्फत चार-आठ दिवसांत कळवावे. ‘योग नाही’ एवढेच पुरे. रंग, उंची, शिक्षण, घराची स्थिती यांचा उल्लेख चुकूनही करू नये. तसेच नकाराचे कारण विचारीतही बसू नये.

उसन्या पैशांबाबत शहरी नातेवाइकाची अडचण अधिक असते. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बियाणे-खतासाठी मागणी येते. देणे शक्य नसेल तर त्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणावे. ‘बघतो’, ‘बघू’ हा शब्द शहरात सौम्य नकार असतो. गरजू माणूस त्याला होकार समजतो आणि त्या भरवशावर दुसरीकडे मागत नाही. पेरणीचे चार दिवस निघून गेल्यावर आलेला नकार त्याला फार महाग पडतो. थोडेच देता येत असेल तर तेवढे द्यावे, आणि नकाराबरोबर काटकसरीचा उपदेश करू नये.

दिलेले पैसे मागण्याचीही वेळ असते. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास निघते, कापसाची वेचणी त्यानंतर हिवाळाभर चालते. हाती पैसा येतो तो तेव्हा. पैसे मागायचे ते एकट्याला गाठून मागावेत. त्याच्या बायको-मुलांसमोर, पारावर किंवा लग्नाच्या मांडवात कधीही नाही. ज्याने घेतले आहेत त्यानेही तोंड चुकवू नये. ‘यंदा पूर्ण जमत नाही, इतके देतो,’ असे आपण होऊन सांगितले तर संबंध टिकतात.

सांत्वनाला गेल्यावर

वरील सर्व प्रसंगांत चूक झाली तर ती पुढच्या भेटीत सुधारता येते. मयतीच्या घरी उच्चारलेला चुकीचा शब्द मात्र त्या घरात वर्षानुवर्षे राहतो. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून देशभर पोचले, तिथे ही गोष्ट अधिकच जपण्यासारखी आहे.

मयतीच्या घरी गेल्यावर नमस्कार-चमत्काराची रीत नसते. शांतपणे आत जावे, जिथे जागा असेल तिथे बसावे. बोलण्याची घाई करू नये. मौन अवघड वाटते ते पाहुण्याला. घरच्यांना कोणी येऊन बसले एवढेही पुरेसे असते. बोलायचे तर गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याची एखादी चांगली आठवण सांगावी. उठताना ‘येतो’ म्हणू नये, अशी जुनी रीत आहे. हात जोडून निघावे.

आत्महत्येच्या घरी काही प्रश्न कटाक्षाने टाळावेत. ‘कसे झाले?’, ‘कुठे केले?’, ‘आधी काही बोलला नव्हता का?’ हे प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो आणि त्या बाईला तीच हकिकत दिवसातून वीस वेळा सांगावी लागते. कर्ज किती होते, बँकेचे की सावकाराचे, हेही पाहुण्याने विचारायचे नसते. ‘लेकरांचा तरी विचार करायचा होता,’ हे वाक्य गेलेल्याला दोष देते. ‘तुमच्या लक्षात कसे आले नाही?’ हे मागे राहिलेल्यांना. आणि १ लाख रुपयांच्या सरकारी मदतीचा संदर्भ घेऊन ‘केस पात्र झाली का?’ असे विचारणे तर सर्वांत निष्ठुर. कागदोपत्री ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द मदतीसाठी असतात, पण घरात ते गेलेल्या माणसाच्या मरणाला लागतात. लहान मुलांना जवळ घेऊन त्यांच्याकडून माहिती काढणे, छायाचित्रे घेणे हेही करू नये.

‘काही लागले तर सांगा,’ असे सगळे म्हणतात आणि कोणी काही सांगत नाही. त्याऐवजी काम नेमके सांगावे. ‘सोमवारी वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे मी सोबत येतो,’ ‘मुलीच्या शाळेचे यंदा मी पाहतो,’ ‘पेरणीला माझा बैलजोड दोन दिवस तुमच्याकडे राहील,’ अशा बोलण्याने मदत मागण्याचा संकोच वाचतो. तेरवीच्या जेवणाचा खर्च वाढेल असा आग्रह पाहुण्यांनी धरू नये. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, असे संत गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात गावोगाव कीर्तनांतून सांगितले होते. तेरवीला जाऊन साधा भात-वरणाचा घास घेणारा पाहुणा त्या घरावर उपकारच करतो. उशिरा बातमी कळली तर ‘आता जाऊन काय उपयोग’ असे समजू नये. पंधरा दिवसांनी, महिन्याने गर्दी ओसरलेली असते आणि माणसाची गरज तेव्हाच अधिक असते. व्हॉट्सअॅप गटावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणे हा या भेटीला पर्याय नव्हे.

आणखी एक प्रसंग. गप्पांच्या ओघात एखादा माणूस ‘आता जगून काय करायचे’ असे बोलून जातो. ऐकणारा अवघडून हसतो किंवा ‘असे बोलू नये’ म्हणून विषय बदलतो. इथे सभ्यतेचा संकोच बाजूला ठेवावा. त्याच्याजवळ बसावे, ‘मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे आणि ऐकून घ्यावे. असे विचारल्याने विचार बळावत नाही. त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

हळदीकुंकू आणि पाकिटावरचे नाव

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि यजमानीणबाईंपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. शेजारच्या विधवा वहिनींना बोलवावे का? न बोलावले तर त्या दार बंद करून घरात बसतात. बोलावले आणि कुंकवाची वेळ आली की सगळ्यांचे हात थबकतात. नवरा गेलेल्या तरुण स्त्रिया ज्या गावांत गल्लोगल्ली आहेत, तिथे हा प्रश्न एखाद्या घरापुरता राहत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठरावाने प्रथा बंद होते, संकोच मात्र बोलण्यातूनच जातो. म्हणून निमंत्रण इतरांना देतो त्याच शब्दांत, त्याच दिवशी द्यावे. कुंकू लावून घ्यायचे की नाही, हे त्यांना आदल्या दिवशी एकांतात विचारावे; चारचौघींत विचारून त्यांना कोड्यात टाकू नये. नाहीतर करंडा समोर धरावा आणि त्यांना हवे ते करू द्यावे. वाण मात्र सर्वांना सारखे द्यावे. त्यांच्या येण्याची छायाचित्रे काढून स्वतःच्या पुरोगामीपणाची जाहिरात करणे हाही त्यांचा अपमानच आहे. त्या पाहुण्या म्हणून आलेल्या असतात, उदाहरण म्हणून नव्हे.

पत्रिकेच्या पाकिटावर ‘गं. भा.’ लिहावे का, हाही नेहमीचा प्रश्न. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी पातळीवर वापरण्याचा प्रस्ताव चर्चेत आला तेव्हा महिला संघटनांसह अनेकांनी कडाडून विरोध केला आणि हा निर्णय नसल्याचा खुलासा करावा लागला. पुरुषाची पत्नी गेली म्हणून त्याच्या नावामागचे ‘श्री.’ बदलत नाही. स्त्रीच्या नावामागे ‘श्रीमती’ लिहावे. ते सर्वांना चालते. काही वयस्क स्त्रिया स्वतःच जुने संबोधन वापरतात, त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

चूक झालीच तर

इतके करूनही चूक होते. तोंडातून नको तो शब्द जातो, नको तो प्रश्न विचारला जातो. अशा वेळी लांबलचक खुलासा केला की चूक अधिक ठळक होते आणि ज्याला लागले त्यालाच आपली समजूत घालावी लागते. ‘चुकलो, असे बोलायला नको होते,’ एवढे म्हणून थांबावे. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ हे शब्द क्षमायाचनेत घालू नयेत. त्यात दोष समोरच्याच्या वाईट वाटण्यावर जातो. दुसऱ्या कोणाची चूक होताना दिसली तर तिथल्या तिथे त्याची शोभा न करता विषय बदलावा आणि नंतर बाजूला घेऊन सांगावे. मात्र एखाद्याची जातीवरून किंवा वैधव्यावरून अवहेलना होत असेल, तर गप्प बसणे ही सभ्यता नव्हे. ‘असे बोलू नका,’ हे तीन शब्द तेव्हा चारचौघांतच उच्चारले पाहिजेत, कारण अपमानही चारचौघांतच झालेला असतो.

थोडक्यात

– ज्या शब्दाने अभिवादन होईल त्याच शब्दाने उत्तर द्यावे. काम करणाऱ्या वयस्क माणसांना ‘तुम्ही’ म्हणावे.

– पत्ता माणसाच्या नावाने विचारावा, वस्तीच्या जातीने नव्हे.

– चहा नको असेल तर आधी सांगावे. पाणी तरी घ्यावेच.

– निमंत्रणातील चूक स्वतः दूरध्वनी करून कबूल करावी.

– देणे शक्य नसेल तर ‘बघतो’ न म्हणता ‘जमणार नाही’ असे त्याच दिवशी सांगावे.

– मयतीच्या घरी प्रश्न विचारू नयेत. नेमके एक काम अंगावर घ्यावे.

– हळदीकुंकवाचे निमंत्रण सर्वांना सारखे; कुंकवाचा निर्णय ज्याचा त्याचा.

– चुकल्यास एका वाक्यात क्षमा मागावी आणि तिथेच थांबावे.